खुडूक कोंबडीच्या पंखाखाली हॅचरीची पिल्लं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमचं घर पाटण तालुक्यात, कोयनेच्या खोऱ्यात. जून ते सप्टेंबर इथे पाऊस थांबत नाही आणि वीज टिकत नाही. बल्बखाली पिल्लं वाढवायची म्हटलं की रात्री दोन वाजता उठून दिवे गेलेत का ते बघणं आलं. म्हणून गेली बारा वर्षं मी हॅचरीतून, म्हणजे अंडी उबवणी केंद्रातून आणलेली एक दिवसाची पिल्लं खुडूक कोंबडीला, म्हणजे अंडी उबवायला बसलेल्या कोंबडीला लावते. आजूबाजूच्या वाड्यांतल्या बायका, नव्याने कुक्कुटपालनात उतरलेली पोरं, पुण्याहून शेतघरावर येणारी मंडळी, सगळ्यांचे प्रश्न साधारण तेच असतात. ते इथे एकत्र लिहिले आहेत. जिथे चूक झाली तर पिल्लं मरतात, तिथे सविस्तर लिहिलं आहे.

कोंबडी खरोखर खुडूक झाली आहे, हे कसं ओळखायचं?

अंडं घालायला बसलेली कोंबडी तास-दीड तासात उठते आणि अख्ख्या आळीला सांगत सुटते. खुडूक कोंबडी उठत नाही. रात्रीसुद्धा दांडीवर न जाता अंड्यांवरच बसून राहते. दिवसातून एकदा पटकन उठते, दाणापाणी उरकते, एकच मोठी, घाण वास येणारी शीट टाकते आणि पंख फुलवून परत येते. तुरा फिका पडतो. छाती-पोटावरची पिसं गळून तिथली कातडी उघडी पडते, ती अंड्यांना थेट ऊब द्यायला.

पण सगळ्यात खात्रीची खूण म्हणजे आवाज. हात जवळ नेला की ती अंग दुप्पट फुगवते आणि घशातून एक लांब, खरखरीत ‘कुर्रर्र’ काढते. चालताना ‘खुड्-खुड्’ असा तुटक आवाज सुरू होतो. पुढे पिल्लं लावताना याच आवाजाकडे कान द्यायचा आहे, म्हणून आत्तापासून तो ओळखीचा करून घ्या. सलग तीन रात्री ती जागेवर दिसली आणि हा आवाज आला, तरच पुढची तयारी करा.

पिल्लंच का लावायची? सरळ अंड्यांवर का बसवू नये?

फळणारी अंडी हाताशी असतील आणि हवामान बरं असेल, तर जरूर बसवा. दहा-बारा अंडी, एकवीस दिवस, यासारखं सोपं काही नाही. अडचण येते ती घरात कोंबडा नसला की. एप्रिल-मे महिन्यात अंडी उन्हाने खराब होतात, ती वेगळी. शिवाय कित्येकांना गिरिराज, वनराज, कावेरी अशी सुधारित जातींची पिल्लं हवी असतात, आणि ती हॅचरीतूनच येतात. त्या पिल्लांना आई नसते. इकडे आपली गावरान कोंबडी रिकाम्या पाटीत बसून झिजत असते. दोघांची गाठ घालून दिली की दोघांचंही भलं होतं.

सगळ्या जातींच्या कोंबड्या खुडूक होतात का?

नाही. साध्या गावरान कोंबड्या आणि असील या उत्तम आया. लेगहॉर्नसारख्या फक्त अंड्यांसाठी पैदास केलेल्या कोंबड्यांमधून हा गुण पिढ्यान्‌पिढ्या निवड करून काढून टाकला आहे. वनराज, गिरिराज क्वचितच बसतात. कडकनाथचा भरवसा धरू नका. म्हणून बाकी सगळा कळप सुधारित ठेवला तरी दोन-तीन गावरान कोंबड्या राखाव्यात, असं माझं ठाम मत आहे.

ती किती दिवस बसलेली असावी?

निदान दहा-बारा दिवस. अठरा ते एकवीस दिवस झाले असतील तर उत्तम. कालच बसायला लागलेल्या कोंबडीखाली पिल्लं सरकवली तर ती बावरते, कधी उठूनच जाते. तिच्या शरीरात प्रोलॅक्टिन नावाचं संप्रेरक वाढत जातं, त्याने अंडी बंद होतात आणि बसण्याची ओढ लागते. ती ओढ पक्की व्हायला वेळ लागतो. ती पाटीवर आली की तारीख लिहून ठेवा आणि हॅचरीला पिल्लांची मागणी त्या हिशोबाने नोंदवा.

तोवर तिच्या खाली काहीतरी हवं. मी तीन-चार वांझ अंड्यांवर पेन्सिलीने फुली मारून ठेवते, म्हणजे दुसऱ्या कोंबडीने घातलेलं ताजं अंडं वेगळं कळतं. टेबल टेनिसचे चेंडूही चालतात. पण चार आठवड्यांच्या पुढे तिला नुसतं बसवून ठेवू नका. ती एरवीच्या मानाने फार थोडं खाते, वजन उतरतं. हातात घेतली की छातीचं हाड टोचायला लागतं.

पिल्लं किती वयाची हवीत?

एक ते दोन दिवसांची. तिसऱ्या दिवसापर्यंत प्रयत्न करता येतो. त्यापुढे नको.

याचं कारण कोंबडीइतकंच पिल्लाकडेही आहे. अंड्यातून बाहेर आल्यावर पहिल्या दोन-तीन दिवसांत पिल्लू ज्याच्या मागे फिरतं, ज्याचा आवाज ऐकतं, ते त्याच्या मनात आई म्हणून ठसतं. आठवडाभर बल्बखाली राहिलेल्या पिल्लाला ऊब म्हणजे बल्ब. कोंबडीने बोलावलं तरी ते येत नाही, उलट घाबरून कोपऱ्यात पळतं. आणि जे पिल्लू पळतं ते कोंबडीला परकं वाटतं.

हे मी पिल्लं गमावून शिकले. तिसऱ्या वर्षी हॅचरीची गाडी घाटातल्या दरडीमुळे अडकली आणि पिल्लं सहा दिवसांची होऊन हातात आली. कोंबडी वीस दिवस बसलेली, अगदी शांत. रात्री सगळी व्यवस्थित घेतली तिने. सकाळी उजाडल्यावर पिल्लं तिच्या खालून निघून दाराकडच्या उजेडाकडे धावली. तिने एकदा बोलावलं, दोनदा बोलावलं. मग आवाज बदलला आणि तिने डोक्यावर टोची मारायला सुरुवात केली. मी चहा ठेवायला आत गेले होते. परत येईतो दोन पिल्लं गेली होती. कोंबडीचा यात काही दोष नव्हता. वयाची चूक माझी आणि सकाळी तिथून हलले ही चूकही माझीच.

पिल्लं घरी आल्यापासून रात्रीपर्यंत काय करायचं?

पिल्लाच्या पोटात अंड्यातला बलक शोषलेला असतो, त्यावर दोन-तीन दिवस निभतं. म्हणून तर पिल्लं एवढ्या लांबून खोक्यातून येऊ शकतात. तरीही आल्या आल्या पाणी द्याच. कोमट पाण्यात गुळाचा खडा विरघळवा आणि प्रत्येक पिल्लाची चोच एकदा पाण्यात बुडवा, म्हणजे पाणी कुठे आहे ते त्याला कळतं. मग तासाभराने बारीक मक्याचा भरडा. खोक्यात गोणपाट अंथरून बाजूला फडक्यात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली ठेवा. पेंगुळलेली, पंख पाडून बसलेली पिल्लं आधी वेगळी करा. कोंबडीखाली फक्त टणक, पायावर उभी राहणारी पिल्लंच जाऊ द्या.

रात्री नेमकं कसं लावायचं?

जागेपासून सुरुवात करू. कोंबडी बहुतेक वेळा उंचावरच्या पाटीत किंवा माळ्यावरच्या टोपलीत बसलेली असते. तिथून पिल्लू खाली पडलं तर परत चढू शकत नाही. म्हणून पिल्लं येण्याच्या तीन दिवस आधी तिला खोट्या अंड्यांसकट जमिनीलगतच्या, बाकी कोंबड्यांपासून आडोशाच्या जागी हलवा. हेही रात्रीच करायचं. दोन फूट लांब, दोन फूट रुंद जागा पुरते, खाली चार बोटं भाताचं तूस. सकाळी ती नव्या जागी बसली आहे का ते बघा. बसली नाही, दाराशी येरझारा घालत राहिली, तर पिल्लं येण्याआधीच कळलं हे बरं.

पिल्लं लावायची ती पूर्ण अंधार पडल्यावर, आमच्याकडे नऊच्या पुढे. कोंबडीला अंधारात फारसं दिसत नाही आणि ती सुस्त असते. बॅटरीवर लाल कापड बांधून ती मंद करा आणि उजेड भिंतीवर पाडा, तिच्या डोळ्यांवर नको.

एक पिल्लू मुठीत घ्या, डोकं बोटांच्या बाजूने. हात समोरून नेऊ नका. कुशीकडून, पंखाच्या खालून सावकाश सरकवा. ती ‘कुर्रर्र’ करेल, हातावर टोचही मारेल. हात झटकन मागे घेऊ नका. एक-दोन क्षण तसाच राहू द्या. तिच्या छातीची ती उघडी कातडी पंजाला लागते, दुरडीत झाकून ठेवलेल्या भाकरीसारखी गरम. कोंबडीच्या अंगात जवळजवळ ४१ अंश सेल्सिअस ऊब असते. पिल्लू सोडा आणि त्याच हातात एक अंडं घेऊन बाहेर या.

आता थांबा. इथेच लोक घाई करतात. स्वतःच्या अंड्यांवर बसलेल्या कोंबडीला शेवटच्या एक-दोन दिवसांत कवचाच्या आतून पिल्लांची चिवचिव ऐकू येते, ती त्यांना उत्तरही देते. खोट्या अंड्यांवर बसलेल्या कोंबडीला ही पूर्वसूचना मिळालेली नसते. ती मिळायला एक-दोन पिल्लं आणि अर्धा तास द्या. खाली चिवचिव सुरू होते. पहिल्यांदा ती डोकं वाकडं करून ऐकते. मग तिची ती खरखर हळूहळू बारीक होत जाते आणि तिच्या जागी एक अगदी खालच्या पट्टीतलं ‘कुक्-कुक्-कुक्’ येतं, जणू पोटातल्या पोटात बोलते आहे. मी तो आवाज इतक्यांदा ऐकला आहे, तरी दरवेळी अंधारात श्वास धरून त्याची वाट बघते. तो आला की बाकीची पिल्लं एकेक करून, दोन्ही कुशींकडून वाटून घाला.

शेवटी एकही अंडं खाली ठेवू नका. अंडं राहिलं तर ती त्यावर बसून राहते, भुकेल्या पिल्लांना घेऊन उठत नाही.

सकाळी काय बघायचं?

उजाडायच्या आधी तिथे पोचा आणि निदान दोन तास जवळ बसा. चहा आधीच करून घ्या.

चांगली लक्षणं अशी: पिल्लू पिसांतून डोकं बाहेर काढतं, ती त्याला चोचीने हलकेच आत ढकलते किंवा नुसती बघते. दाणा टाकला की चोचीत उचलते, खाली टाकते, परत उचलते आणि भरभर ‘कुट्-कुट्-कुट्’ करते. म्हणजे पिल्लांना जेवायला बोलावते आहे. हे पाहिलं की जिंकलात.

पहिल्या दिवशी एखादी टोच ती मारतेच. पिल्लू डोळ्याशी किंवा पायाच्या बोटांशी चोच मारतं, तेव्हा ती शिस्त लावते. हलकी टोच, पिल्लू ‘ची’ करून परत पंखाखाली, इथे काळजी नाही. पिल्लाचा पाठलाग, डोक्यावर लागोपाठ टोची, पिल्लू पकडून आपटणं, यातलं काही दिसलं तर ताबडतोब सगळी पिल्लं काढा.

तिने पिल्लं नाकारली तर?

पिल्लं दिवसभर बल्ब किंवा बाटलीच्या उबेत, तिच्या नजरेआड पण तिला ऐकू येतील अशी ठेवा. खाली पुन्हा दोन खोटी अंडी. रात्री परत प्रयत्न करा, या वेळी फक्त दोनच पिल्लं. कित्येक कोंबड्या दुसऱ्या रात्री घेतात. दुसऱ्या सकाळीही मारायला लागली तर सोडून द्या, तिसऱ्यांदा जुगार खेळू नका. म्हणून पिल्लं मागवण्याआधी बल्ब, पत्र्याचं गोल कडं आणि तूस तयार ठेवा. पहिल्या आठवड्यात बल्बखाली साधारण ३५ अंश सेल्सिअस लागतं, मग दर आठवड्याला तीन-एक अंश कमी.

एका कोंबडीला किती पिल्लं?

गावरान कोंबडी लहान असते. पावसाळ्यात आणि थंडीत दहा-बारा, उन्हाळ्यात पंधरापर्यंत. कसोटी एकच: रात्री दहाला बघा, एकही पिल्लू पिसांबाहेर उघडं दिसता कामा नये.

पिल्लांचा रंग वेगळा असेल तर चालतो का?

सगळी एकाच रात्री लावली तर बहुतेकदा चालतो. अडचण येते ती आधी काळी पिल्लं घेऊन चार दिवस फिरलेल्या कोंबडीला मागाहून दोन पिवळी द्यायला गेलात की. स्वतःची पिल्लं असलेल्या कोंबडीला नवी द्यायची असतील तर पहिल्या एक-दोन दिवसांतच, सारख्या वयाची आणि शक्यतो सारख्या रंगाची द्या. आठवड्याने ती आपलं-परकं बरोब्बर ओळखते.

कोंबडीच्या अंगावरच्या पिसवा-उवांचं काय?

हा प्रश्न फार कमी लोक विचारतात, आणि पिल्लं याने मरतात. बसून राहिलेली कोंबडी मातीत लोळत नाही, त्यामुळे तिच्या अंगावर उवा-पिसवा माजतात. त्या एका रात्रीत पिल्लांवर चढतात, आणि एवढ्याशा जिवाचं रक्त ते किती! पिल्लं येण्याच्या आठ-दहा दिवस आधी तिचे पंख, मान आणि शेपटीखालची जागा उलगडून बघा. चुलीची चाळलेली गार राख पिसांच्या मुळाशी चोळा. जास्त प्रादुर्भाव असेल तर पशुवैद्यकाकडून औषध घ्या, आणि ते पिल्लं यायच्या किती आधी लावायचं हे आवर्जून विचारा. पाटीतलं जुनं गवत जाळून टाका. जंताचं औषधही याच वेळी.

खायला काय द्यायचं? दोघांना वेगवेगळं?

दोघांनाही पिल्लांचंच खाद्य, म्हणजे चिक स्टार्टर. अंड्यावरच्या कोंबड्यांच्या खाद्यात कॅल्शियम तिप्पट-चौपट असतं, ते पिल्लांच्या मूत्रपिंडाला झेपत नाही. कोंबडी सध्या अंडी देत नाही, त्यामुळे तिला पिल्लांच्या खाद्याने काही कमी पडत नाही. सोबत तांदळाची कणी, मक्याचा भरडा चालतो. वाळवी आणि किडे ती स्वतः उकरून काढते, ती जबाबदारी तिच्यावर सोडा.

पाण्याचं भांडं उथळ हवं आणि त्यात गोटे टाकलेले. इतक्याशा पाण्यातही पिल्लू बुडतं.

आई आहे म्हटल्यावर लस टोचायची गरज आहे का?

आहे. पंख ऊन-पावसापासून वाचवतात, मानमोडीपासून (राणीखेत रोगापासून) नाही. मरेक्स या पिल्लांना पांगळं करणाऱ्या विषाणूच्या रोगाची लस पहिल्या दिवशी हॅचरीतच देतात, ती दिली का ते घेतानाच विचारा. पाचव्या ते सातव्या दिवशी मानमोडीची लासोटा नावाची लस, डोळ्यात किंवा नाकपुडीत एक थेंब. चौदाव्या दिवसाच्या सुमारास गंबोरो या दुसऱ्या विषाणूच्या रोगाची लस. सहा ते आठ आठवड्यांत देवीची आणि मानमोडीची पुढची लस. नेमक्या तारखा तुमच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातून ठरवून घ्या.

कोंबडी पिल्लाला हात लावू देत नाही, त्यामुळे लस संध्याकाळी ती डालग्याखाली गेल्यावर द्या. एकाने तिला पोत्याखाली धरायचं, दुसऱ्याने पिल्लं एकेक काढायची. लस बर्फावर हवी, उन्हात ठेवलेली लस म्हणजे नुसतं पाणी.

पिल्लं कुठून आणायची?

राज्य शासनाची मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रं पुणे, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर आणि नागपूरला आहेत. तिथे आधी नोंदणी करावी लागते. खाजगी हॅचरी बऱ्याच आहेत. कुठूनही घ्या, पण पिल्लं निघाल्याची तारीख, मरेक्सची लस आणि तुमच्यापर्यंत पोचायला लागणारा वेळ या तीन गोष्टी फोनवर विचारूनच पैसे द्या. रस्त्यावर रंगीत पिल्लं विकतात ती घेऊ नका. ती बहुधा लेयर, म्हणजे अंड्यांसाठीच्या जातीची नर पिल्लं असतात, वय कळत नाही आणि रंगवण्यात ती निम्मी अर्धमेली झालेली असतात.

घार, मुंगूस, बोका यांच्यापासून कसं वाचवायचं?

पहिले दहा दिवस डालग्याखाली किंवा जाळीत. त्यानंतर ती घेऊन फिरते. घार दिसली की ती एक लांबलचक, उतरता आवाज काढते आणि पिल्लं दिसेनाशी होतात. हॅचरीत जन्मलेली पिल्लंसुद्धा हे तिच्याकडून शिकतात, बल्बखालच्यांना असा इशारा देणारं कोणी नसतं. मुंगूस आणि घूस यांच्यापुढे मात्र आईचं काही चालत नाही. खुराड्याची जाळी अर्ध्या इंचाची आणि वीतभर जमिनीत पुरलेली हवी.

बदकाची पिल्लं कोंबडीला लावता येतात का?

येतात, पद्धत हीच. फक्त पिल्लं पाण्यात उतरली की कोंबडी काठावर जिवाच्या आकांताने ओरडते. पहिले दोन आठवडे त्यांना तळ्याकडे नेऊ नका. तोवर अंगावर फक्त लव असते, आणि पिसांना तेल लावायचं काम बदकीण करते, कोंबडीला ते येत नाही.

मला पिल्लं नको आहेत. खुडूक मोडायची कशी?

तळाला जाळी असलेल्या, जमिनीपासून उचललेल्या पिंजऱ्यात तीन-चार दिवस ठेवा, दाणापाणी भरपूर द्या. खालून वारा लागला की छातीची ऊब उतरते आणि ती सुटते. नाकपुडीत पीस घालणं, पायाला दोरी बांधून टांगणं, गार पाण्याच्या बादलीत बुडवणं हे अजूनही ठिकठिकाणी चालतं. ते कृपा करून बंद करा. पीस घातलेल्या नाकात पू होतो, मी असल्या दोन कोंबड्या स्वतः साफ केल्या आहेत.

कोंबडी पिल्लांना कधी सोडते?

साधारण सहा ते दहा आठवड्यांनी. एक दिवस तिचा तुरा पुन्हा लाल दिसायला लागतो. दाणा टाकल्यावर ती बोलवायची थांबते आणि स्वतःच खायला लागते. जवळ आलेल्या पिल्लाला टोच मारून लांब करते. पिल्लं आठवडाभर गोंधळतात, संध्याकाळी तिच्या पंखाखाली घुसायला बघतात. ती दांडीवर चढून बसते. मग तीही एकेक करून चढतात, तिला खेटून, आणि दोन-चार दिवसांत ती पुन्हा पाटीकडे अंडं घालायला निघते.